मोटारीच्या इंजिनातील बिघाडांचे घरगुती निदान

मोटार गॅरेजात नेण्यापूर्वी मालकाने डोळे, कान, नाक आणि एखाद-दुसऱ्या साध्या उपकरणाच्या आधारे इंजिनातील दोषाचा माग काढणे, याला घरगुती निदान म्हणतात. पेट्रोल किंवा सीएनजीवरील इंजिनाला हवा, इंधन, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब या चार गोष्टी लागतात; त्यांपैकी कोणती उणी पडते हे शोधणे हाच निदानाचा गाभा होय. मुंबईत सीएनजीवरील गाड्यांची मोठी संख्या आणि पावसाळ्यात रस्त्यांवर तुंबणारे पाणी यांमुळे या कामाला काही खास बाजू येतात.

किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होऊन सेल्फ (इंजिन सुरू करणारी विजेची मोटर) फिरत नसेल, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलांवर क्षार साचलेला असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने (व्होल्ट मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने) सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली समजावी. इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. ते बॅटरीच्या मूळ आकड्यावरून वर चढतच नसतील, तर अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज निर्माण करून बॅटरी भरणारे यंत्र) किंवा त्याचा पट्टा तपासावा. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर शोध ठिणगी आणि इंधन यांकडे वळवावा. सोसायटीच्या आवारात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हेही बॉनेट उघडून पाहावे.

गाडी धक्के देत चालणे, म्हणजेच मिसिंग, ओळखण्यासाठी सीएनजी गाडीच्या मालकाजवळ एक उत्तम कसोटी असते. सीएनजी पेटवण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक दाबाची वीज लागते. त्यामुळे झिजलेला प्लग (ठिणगी पाडणारा भाग) किंवा कमजोर कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज पुरवणारा भाग) प्रथम गॅसवर उघडी पडते आणि तीच गाडी पेट्रोलवर सुरळीत चालते. म्हणून गॅसकिटची जुळणी बदलण्याआधी प्लग काढून पाहणे शहाणपणाचे. दोन्ही इंधनांवर सारखेच धक्के बसत असतील, तर प्लग व कॉइलबरोबर एअर फिल्टर, हवेची गळती आणि सिलिंडरमधील दाब यांचाही विचार करावा लागतो. गॅसचा वास आल्यास मात्र निदान तिथेच थांबवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि काम जाणकाराकडे सोपवावे.

इंजिन गरम होण्याचे कारण ते केव्हा गरम होते यावरून उमगते. सायनच्या वाहतूक कोंडीत काटा चढतो आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर वेग मिळताच उतरतो, तर दोष बहुधा रेडिएटरच्या पंख्याचा असतो. वेगातही काटा चढत असेल, तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) गळती, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा कूलंट फिरवणारा वॉटर पंप यांवर संशय घ्यावा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतील कूलंट दाबाखाली असते व उसळून भाजते.

निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर इंधन जास्त जात असल्याचे, तर इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असल्याचे सुचवतो. चेक इंजिनचा दिवा लागल्यास डॅशबोर्डखालील १६ पिनांच्या ओबीडी (गाडीतील दोष नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या) सॉकेटला छोटा स्कॅनर जोडून कोड वाचता येतो. पी०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरमधील मिसिंग दाखवतो. पण त्यामागे प्लग, कॉइल की इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) हे तो सांगत नाही. त्यामुळे कोड वाचून थेट सुटा भाग विकत घेणे चुकीचे ठरते.

हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकू शकतो. अशी गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी, एअर फिल्टर ओला आहे का ते पाहावे आणि डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरील) ऑइल दुधाळ दिसल्यास ते बदलून, प्लग काढून सिलिंडर रिकामे केल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.