पौर्णिमेच्या आगेमागे

१६ जून १९४३ ची रात्र. आपल्याकडे वटपौर्णिमा तोंडावर आलेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमेअर विमानतळावरून एका इंजिनाची दोन छोटी विमाने उडाली आणि इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. त्यांत बसलेल्या चौघांत एकोणतीस वर्षांची नूर इनायत खान होती. तिचे वडील बडोद्याचे. पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा चालवलेली. नूर मात्र गुप्त वायरलेसवर संदेश पाठवण्यासाठी जर्मनव्याप्त पॅरिसला निघाली होती. आँजे शहराच्या उत्तरेला एका कुरणात विमाने उतरली, माणसे उतरली, परतीची माणसे चढली आणि काही मिनिटांत कुरण पुन्हा सुनसान झाले.

ही विमाने ब्रिटिश हवाई दलाच्या १६१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची. काम एकच: शत्रूच्या मुलखात रात्री जायचे, माणसे आणि सामान पोचवायचे, जमेल तिथे उतरून माणसे परत आणायची. नूरला नेणाऱ्या त्या छोट्या, लायसँडर नावाच्या विमानांवर तर बंदूकसुद्धा ठेवलेली नव्हती. आणि या मंडळींचे वेळापत्रक तारखेवर नाही, तिथीवर चालायचे. पौर्णिमेच्या आधीचा साधारण एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा, एवढाच त्यांचा हंगाम. अमावास्येच्या आसपास लायसँडरचे वैमानिक टेम्प्सफर्डच्या मूळ तळावर सराव करत, चंद्र मोठा होऊ लागला की टँगमेअरला मुक्काम हलवत.

चांदणेच का? लायसँडरमध्ये वैमानिक एकटा. वाट दाखवायला सोबत कोणी नाही. मांडीवर घडी घातलेला नकाशा, मनगटावर घड्याळ आणि खाली दिसेल तो मुलूख. लायसँडर नेणाऱ्याला नदीचे वळण, रानाची कड, रेल्वेचा रूळ ओळखता आलाच पाहिजे. चंद्राच्या दिशेला पाहिले तर नदी चकाकते, कारण पाणी आरशासारखे किरण परतवते. पाठ फिरवून पाहिले तर तीच नदी काळी पडते. म्हणून फ्रान्समधली ल्वार नदी या वैमानिकांचा हमरस्ताच बनली होती.

इथे चंद्राची एक गंमत आहे, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. अष्टमीला चंद्राचे अर्धे बिंब उजळलेले असते, म्हणजे प्रकाशही पौर्णिमेच्या निम्मा असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो पौर्णिमेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतो. अष्टमीला सूर्य बाजूने पडतो, त्यामुळे चंद्रावरच्या खड्ड्यांच्या, डोंगरांच्या, अगदी धुळीच्या कणाकणाच्या सावल्या आपल्याला दिसतात आणि त्या प्रकाश गिळतात. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागून चमकतो, सावल्या त्या त्या दगडामागेच दडतात आणि बिंब एकदम उजळते. तरीही ते चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाख पटींनी कमीच.

एवढ्याशा उजेडात आपले डोळे काम करतात, हे मला अजून नवलाचे वाटते. कोजागिरीला गच्चीवर सगळे दिवे घालवून अर्धा तास बसून पाहा. आधी काहीच दिसत नाही. मग दृष्टिपटलावरच्या, मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींत दिव्यांच्या उजेडाने विटलेले रंगद्रव्य पुन्हा भरत जाते आणि समोरच्या घरांची कौले वेगळी दिसू लागतात. रंग मात्र जवळपास नाहीसे होतात. वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, खालची बातमी येत नाही. मिणमिणता तारा थेट पाहिला की विरतो, किंचित बाजूला पाहिले की दिसतो, कारण नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. वैमानिकाला याच डोळ्यांनी नकाशा वाचायचा आणि जमीनही.

या कामाची सुरुवात मात्र अगदी फाटकी होती. ऑगस्ट १९४० मध्ये ४१९ क्रमांकाची एक छोटी तुकडी उभी राहिली. त्याच ऑक्टोबरात, कोजागिरीनंतर तीन-चार दिवसांनी, तिचा वैमानिक फार्ली हा फिलिप श्नायदो नावाच्या हेराला आणायला फाँतेनब्लोजवळ लायसँडर घेऊन उतरला. हेर चढला, विमान उठले, आणि गोळी लागून होकायंत्र फुटले. प्रवाशाला झटकन चढता यावे म्हणून मागचे छत काढून टाकलेले होते, त्यातून पावसाचे पाणी शिरून रेडिओही गेला. वर ढग, खाली ढग, आणि नैर्ऋत्येचा सोसाट्याचा वारा. इंधन संपले तेव्हा फार्लीने विमान कसेबसे जमिनीला टेकवले. ती जमीन होती स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबन गावाजवळ. दोघेही वाचले.

त्या तुकडीतून १९४१ मध्ये १३८ स्क्वाड्रन झाली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये १६१. पॅराशूटने माणसे आणि शस्त्रे टाकणारी मोठी विमानेही दोन्हींकडे होती. १९४२ च्या जानेवारीत जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराचा नेता जाँ मूलाँ १३८ च्याच विमानातून मायदेशी उतरला होता. पण माझे मन रमते ते लायसँडरमध्ये.

हे विमान खरे तर पायदळाच्या मदतीसाठी बनवलेले, आणि १९४० मध्ये फ्रान्सच्या लढाईत दिवसाढवळ्या त्याची फार नासाडी झाली. जर्मन लढाऊ विमानांपुढे त्याचा वेग अगदीच कमी. पण रात्री कुरणात उतरायचे तर सावकाश उडता येणे हाच सर्वांत मोठा गुण. वेग निम्मा झाला तर थांबवायची गतिज ऊर्जा एक चतुर्थांश होते, म्हणून धावायला जागाही तेवढीच कमी लागते. अडचण अशी की वेग कमी केला की तेवढीच उचल मिळवायला पंख जास्त तिरपा धरावा लागतो, आणि मर्यादेपलीकडे तिरपा झाला की हवेचा प्रवाह पंखाची पाठ सोडून देतो आणि विमान कोसळते. लायसँडरच्या पंखांच्या पुढच्या कडेला स्लॅट नावाच्या पट्ट्या होत्या. पंख तिरपा झाला की पुढच्या कडेवर हवेचा दाब खूप घटतो, आणि ते शोषणच पट्टीला पुढे ओढून काढते. पट्टी आणि पंख यांच्यात फट पडते, हवेचा प्रवाह सावरतो, आणि पंख आणखी तिरपेपणा सोसतो. पंखाच्या मागच्या कडेचे, खाली झुकणारे फ्लॅपही या पट्ट्यांना जोडलेले. वैमानिकाला कुठलाही खटका ओढावा लागत नसे.

याच विमानात एक खोट होती. उतरताना नाक वर राहील असा शेपटीचा तोल लावावा लागे. ऐनवेळी बेत रद्द करून पूर्ण जोर दिला की नाक आभाळाकडे उसळे, आणि ते दाबून धरायला वैमानिकाला दंडातली सगळी ताकद लावावी लागे.

पोटाखाली जादा इंधनाची टाकी, डाव्या बाजूला कायमची शिडी, एवढे फेरफार केले. सुरुवातीला विमाने पूर्ण काळी रंगवली. नंतर लक्षात आले की चांदण्यात उजळलेल्या ढगांवर काळे विमान वरून पाहणाऱ्याला ठसठशीत दिसते, म्हणून वरची बाजू हिरव्या-करड्या रंगाने रंगवली.

आणि धावपट्टी? काठ्यांना बांधलेल्या तीन बॅटऱ्या. पहिली जिथे टेकायचे तिथे, दुसरी वाऱ्याच्या रोखाने दीडशे यार्डांवर, तिसरी तिच्या उजवीकडे पन्नास यार्डांवर. पहिल्या बॅटरीजवळचा माणूस मोर्समध्ये ठरलेले अक्षर उघडझाप करून देई. अक्षर चुकले तर उतरायचे नाही. बरोबर असेल तर पहिल्या दिव्यापाशी टेकायचे, पुढच्या दोन दिव्यांमधून वळून परत यायचे, तिथे माणसांची अदलाबदल, आणि पुन्हा वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण.

शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्यांचे पाय चिखलात असत, हे विसरता कामा नये. ८ फेब्रुवारी १९४४, माघी पौर्णिमेची रात्र. पूर्व फ्रान्समधल्या ब्लेतरां गावाजवळ हडसन हे दोन इंजिनांचे, आठ टनांच्या घरातले विमान उतरले आणि रुतून बसले. इंजिने पूर्ण जोरात, चाके हलेनात. मग गावकरी आले. कुदळी-फावडी, घोडे, बैल. जर्मन कधीही येतील अशा अवस्थेत सुमारे दोन तास ही माणसे चाकांपुढचा चिखल उपसत होती. विमानात प्रतिकारातले ल्युसी आणि रेमाँ ओब्राक हे दांपत्य होते, आणि ल्युसीचे दिवस भरलेले. शेवटी विमान सुटले. चार दिवसांनी लंडनमध्ये तिला मुलगी झाली.

दुसरे संकट चांदण्याच्याच पोटातून यायचे. निरभ्र आभाळ, पडलेला वारा, लांब रात्र: उड्डाणाला याहून चांगले काय? पण नेमक्या अशाच रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते, कारण ढगांचे पांघरूण नसते. जमिनीलगतची ओलसर हवा दवबिंदूपर्यंत गार होते आणि धुके धरते. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या पहाटे नदीकाठी दिसते तेच. जाताना निरभ्र असलेला तळ परतताना दुधात बुडालेला असे. १६ डिसेंबर १९४३ च्या रात्री फ्रान्सहून सुखरूप परतलेली दोन लायसँडर घराजवळच्या धुक्यात कोसळली. दोन्ही वैमानिक गेले. एका विमानातले दोन प्रवासीही गेले.

लायसँडरची ही जात आपल्याकडेही वावरली. मुंबईत जमवलेल्या युद्धनिधीतून भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला लायसँडर मिळाली आणि १९४२ च्या सुरुवातीला के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती ब्रह्मदेशात लढली. पुढे ब्रह्मदेशातल्या जंगलांत ब्रिटिशांच्या ३५७ स्क्वाड्रनने लायसँडर विमानांकडून तीच गुप्त ने-आण करून घेतली. १६१ स्क्वाड्रन मात्र जून १९४५ मध्ये बरखास्त झाली.

नूर उतरली त्या कुरणात सगळे चोख होते. चंद्र होता, जमीन घट्ट होती, दिवे जागेवर होते, मोर्सचे अक्षर बरोबर होते. पण दिवे मांडणारा माणूस होता आँरी दरिकूर, आणि त्याचे पॅरिसमधल्या जर्मन सुरक्षा यंत्रणेशी संधान होते. युद्धानंतर त्याच्यावर फ्रान्समध्ये खटला चालला आणि १९४८ मध्ये तो सुटला. नूर ऑक्टोबर १९४३ मध्ये पॅरिसमध्ये पकडली गेली. त्याआधीचे काही महिने ती वायरलेस घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात हिंडत होती, लंडनला संदेश पाठवत होती. १३ सप्टेंबर १९४४ रोजी जर्मनीतल्या दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली.