फर्स्ट इयर इंजिनिअरिंग (एफई)

फर्स्ट इयर इंजिनिअरिंग, पोरांच्या भाषेत एफई, म्हणजे बीई किंवा बीटेकचं पहिलं वर्ष. कम्प्युटरवाला असो, सिव्हिलवाला असो की मेकॅनिकलवाला, या वर्षात सगळ्यांना जवळपास सारखेच विषय असतात. ब्रँच अ‍ॅडमिशनलाच ठरलेली असते पण तिचे खरे विषय सेकंड इयरपासून. म्हणूनच "मला कोडिंग करायचंय, मी मेकॅनिक्स कशाला शिकू" हा प्रश्न दरवर्षी येतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमधे एम वन, एम टू ही दोन गणितं, फिजिक्स, केमिस्ट्री, बेसिक इलेक्ट्रिकल, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिक्स, ग्राफिक्स म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग, प्रोग्रामिंग आणि वर्कशॉप असं सगळं होतं, आणि थिअरीच्या बहुतेक पेपरांना इनसेम म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला ३० अन् एंडसेम म्हणजे शेवटच्या परीक्षेला ७० मार्क. सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती गणितात, आणि ती ढ असतात म्हणून नाही. सीईटी या प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, निगेटिव्ह मार्किंग पण नाही, त्यामुळे दोन वर्ष शॉर्टकटची सवय लागलेली असते आणि इथे एकदम पानभर स्टेप्स लिहायच्या, त्या स्टेप्सनाच मार्क. पण एम वन ऑप्शनला टाकू नका, त्यातली फुरिए सिरीज पुढे सिग्नल्स या विषयात भेटते, मॅट्रिक्स आणि आयगन व्हॅल्यू मशीन लर्निंगला.

ग्राफिक्स हा या वर्षातला सगळ्यात वेगळा विषय, कारण तो पाठ करताच येत नाही. उदाहरणार्थ, एखादी लाइन एचपीला म्हणजे आडव्या प्रतलाला ३० अंश आणि व्हीपीला म्हणजे उभ्या प्रतलाला ४५ अंश कललेली आहे, तर समोरून दिसणारा फ्रंट व्ह्यू आणि वरून दिसणारा टॉप व्ह्यू असे दोन्ही व्ह्यू काढा. आता दोन्हीकडे कललेली लाइन कुठल्याच व्ह्यूमधे पूर्ण लांबीची दिसत नाही, म्हणून आधी ती व्हीपीला समांतर धरायची, फ्रंट व्ह्यूमधे खरी लांबी आणि खरा कोन घ्यायचा आणि मग फिरवायची. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे म्हणून फ्रंट व्ह्यू एक्सवाय रेषेच्या (एचपी आणि व्हीपी जिथे मिळतात ती रेषा) वर आणि टॉप व्ह्यू खाली येतो, नवीन पोरांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. डोळे मिटून वस्तू फिरवता येणं ही ताकद ज्याला आली त्याला ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागत नाही.

वर्कशॉपमधे अ‍ॅप्रन घालून फिटिंगचा जॉब करायचा, माइल्ड स्टीलची पट्टी व्हाइसमधे पकडून कानसने घासायची आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायची, फट दिसली की परत घासायचं. एक मिलिमीटर म्हणजे नक्की किती हे हाताला इथेच कळतं, त्यामुळे जॉब विकत आणून सबमिट करणं मला तरी अजिबात पटत नाही.

पास होण्याचे नियम विद्यापीठाप्रमाणे बदलतात. काही विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, सेकंड इयरला जाता येतं, पण पुण्यात एफईचा एक जरी विषय बॅक राहिला तर थर्ड इयर मिळत नाही, त्याला वायडी म्हणतात म्हणजे इयर डाऊन. डिप्लोमावाल्यांना हे वर्ष लागतच नाही, ते डायरेक्ट सेकंड इयरला येतात. वर्कशॉप आणि ड्रॉइंगमधे ते इतरांच्या पुढे असतात, पण एम वन एम टू न करता थेट एम थ्री म्हणजे तिसरं गणित समोर येतं, तेव्हा त्यांनी आल्या आल्याच वर्गातल्या कुणाकडून तरी इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशनच्या वह्या मागून घ्याव्यात.