प्रारंभिक गणिताचे उपचारात्मक अध्यापन : अंमलबजावणीतील काटेकोरपणा आणि कौशल्य

संख्याज्ञानात मागे पडलेल्या बालवाडी ते तिसरीच्या मुलांसाठी आखलेला कार्यक्रम शिक्षक वर्गात किती आराखड्याबरहुकूम आणि किती कौशल्याने राबवतात, याचा विचार या संकल्पनेत होतो. डेन आणि श्नायडर यांनी १९९८ मध्ये अंमलबजावणीचे पाच पैलू मांडले : आराखड्याचे पालन, तासिकांची मात्रा, अध्यापनाची गुणवत्ता, मुलांचा प्रतिसाद आणि नेहमीच्या शिकवण्यापासूनचे वेगळेपण.

पालन आणि मात्रा मोजणे सोपे असते. अमेरिकेतील ‘रूट्स’ या बालवाडी कार्यक्रमात २० मिनिटांचे ५० पाठ आहेत. त्यांपैकी किती झाले, कोणती कृती गाळली, हे निरीक्षकाला तक्त्यावर नोंदवता येते. शिक्षकाने स्वतः भरलेला तक्ता मात्र बहुधा प्रत्यक्षापेक्षा उजळ दिसतो. गुणवत्ता कळते ती मूल चुकते त्या क्षणी.

सोलापुरात हा क्षण वारंवार येतो. शहराच्या पूर्वभागातील विणकर व विडी कामगारांच्या घरांत तेलुगू, तर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत बऱ्याच घरी कन्नड बोलली जाते. मराठी ‘तेवीस’मध्ये सुटे (एकक) आधी येतात; तेलुगू ‘इरवै मूडु’ आणि कन्नड ‘इप्पत्तमूरु’ यांत दशक आधी. ‘तेवीस’ ऐकून ३२ लिहिणाऱ्या मुलाकडून आकडा पुन्हा गिरवून घेणारा शिक्षक आराखडा पाळतो. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडायला लावून ‘घरी याला काय म्हणता?’ असे विचारणारा शिक्षक आराखड्याबाहेर जातो, पण त्याचा हेतू सांभाळतो. वेळ नाही म्हणून काड्याच न काढणाराही आराखडा सोडतो, आणि तक्त्यावर दोघांची नोंद सारखीच पडते. (दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २०१९ साली ‘वीस तीन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला, पण पूर्वभागातील मुलांना ती रचना परकी नव्हती.)

मात्रेचे गणित बिघडते ते वेगळ्या कारणांनी. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, त्यातच निवडणुकीची कामे येतात आणि सर्वांत आधी उपचारात्मक तासिका बुडते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर पायाभूत संख्याज्ञानासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली आहे. बिहारमधील शासकीय शाळांत झालेल्या उपचारात्मक अध्यापनाच्या प्रयोगात साहित्य आणि प्रशिक्षण एवढ्यानेच निकाल सुधारले नाहीत. स्वयंसेवकांची जोड मिळाली तेथे सुधारले. म्हणजे शिक्षकाला वर्गात प्रत्यक्ष साथ लागते. त्यामुळे केंद्रप्रमुखाने (शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने) भेटीत तक्ता तपासण्याऐवजी एखादा पाठ पूर्ण पाहणे आणि त्यातील एका चुकीवर शिक्षकाशी बोलणे अधिक उपयोगी ठरते.