संगीतविषयक मासिक सुरू करताना: नोंदणी, पात्रता, कागदपत्रे आणि मजकुराची जबाबदारी

संगीताला वाहिलेले मासिक किंवा त्रैमासिक काढायचे ठरले की बहुतेक मंडळी आधी नाव पक्के करतात, मुखपृष्ठ करून घेतात आणि नोंदणीची चौकशी पहिला अंक छापखान्यात जायच्या वेळी करतात. हा क्रम उलटा हवा, कारण मनात धरलेले नाव मिळेलच याची शाश्वती नसते.

भारतात छापील नियतकालिकांची नोंदणी १ मार्च २०२४ पासून ‘प्रेस आणि नियतकालिके नोंदणी अधिनियम, २०२३’ नुसार होते. त्याआधीचा १८६७ चा कायदा रद्द झाला आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहून घोषणापत्र करण्याची पद्धतही त्याच्याबरोबर संपली. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य ठरावीक कालांतराने छापणारे प्रकाशन या कायद्याखाली येते. पुस्तके आणि वैज्ञानिक, तांत्रिक वा विद्याविषयक स्वरूपाची जर्नल्स वगळलेली आहेत. त्यामुळे निव्वळ संगीतशास्त्रीय शोधनिबंध छापणाऱ्या जर्नलला ही नोंदणी लागत नाही. परंतु महोत्सवांचे वृत्तांत, पुरस्कारांच्या बातम्या आणि त्यांवरील टिप्पणी देणाऱ्या मासिकाने ती करावी, कारण नोंदणीविना प्रकाशन केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मालक व्यक्ती असू शकते, तशीच संस्था किंवा कंपनीही. दहशतवादी अथवा बेकायदेशीर कृत्याच्या किंवा राज्याच्या सुरक्षिततेविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला नियतकालिक काढता येत नाही. संपादक हा सामान्यतः भारतात राहणारा असला पाहिजे. शीर्षकाची अट मात्र नीट वाचावी: त्याच भाषेत देशभरात कुठेही, किंवा त्याच राज्यात इतर कोणत्याही भाषेत, दुसऱ्या मालकाकडे असलेल्या शीर्षकाशी तुमचे शीर्षक सारखे किंवा मिळतेजुळते असता कामा नये. ‘स्वर’, ‘सूर’, ‘नाद’ या शब्दांवर किती जणांची नजर असेल याचा अंदाज बांधून दोन-चार पर्यायी नावे हाताशी ठेवावीत.

अर्ज ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो. मालकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, संस्था असल्यास तिच्या नोंदणीची कागदपत्रे, प्रकाशक व संपादक यांचा तपशील आणि छापखाना स्वतःचा नसल्यास मुद्रकाशी केलेला करार ही कागदपत्रे आधीच जमवून ठेवावीत. मालकाचे नाव सर्व कागदांवर एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हेही पाहावे. अर्ज प्रेस महानिबंधकांबरोबरच (नियतकालिकांची नोंदणी करणारे केंद्र सरकारचे अधिकारी) जिल्ह्यातील विनिर्दिष्ट, म्हणजे या कामासाठी नेमून दिलेल्या, प्राधिकाऱ्याकडेही जातो आणि त्या प्राधिकाऱ्याला अभिप्राय देण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. नोंदणी नाकारली गेल्यास प्रेस कौन्सिलच्या (वृत्तपत्रांच्या आचारावर लक्ष ठेवणारी वैधानिक संस्था) अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील अपील मंडळाकडे ६० दिवसांत दाद मागता येते. पुढे दरवर्षी वार्षिक विवरणपत्र भरावे लागते. ते चुकवल्यास पहिल्या वेळी वीस हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

नोंदणीने शीर्षक मिळते. आत छापायच्या मजकुराची परवानगी तिच्यातून मिळत नाही, आणि संगीताच्या मासिकात खरी अडचण तिथेच येते. एका गाण्यात गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात आणि ते तीन वेगळ्या हातांत असू शकतात. परीक्षणात एखाद्या ओळीतील शब्दयोजनेची चर्चा करण्यासाठी ती ओळ उद्धृत करणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, म्हणजे टीका-परीक्षणासाठी वाजवी वापराला दिलेल्या सवलतीत, बसते. पण तेच गीत चारही कडव्यांसह चौकटीत सजवून छापले तर ते परीक्षण उरत नाही. छायाचित्राचेही तसेच आहे. गायिकेने ‘माझा फोटो खुशाल वापरा’ असे सांगितले तरी हक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो, म्हणून परवानगी त्याच्याकडून लेखी घ्यावी. बाहेरच्या लेखकांच्या लेखांबाबत कलम १९ लक्षात घ्यावे: हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असे अंकाच्या दुसऱ्या पानावर छापल्याने लेखकाचा हक्क तुमच्याकडे येत नाही.

टीका करण्याची भीती बाळगू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील बदनामीच्या अपवादांत चक्क गायकाचे उदाहरण दिले आहे: जाहीर मंचावर गाणारा आपले गायन लोकांच्या निवाड्यासाठी सादर करत असतो, आणि त्यावर सद्भावनेने मत देणे ही बदनामी ठरत नाही. ‘तार सप्तकात आवाज फाटत होता’ हे मत झाले. ‘रियाज सोडून बाटलीच्या नादी लागल्यावर दुसरे काय होणार’ या वाक्याचा रोख गाण्यावर नसून माणसावर आहे, आणि तिथे या अपवादाचा आधार सुटतो.

नीतीच्या बाबतीत प्रेस कौन्सिलचे संकेत आहेत. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. म्हणून हे नियम मासिकाने स्वतःच लिहून काढलेले बरे. पैसे घेऊन छापलेल्या मुलाखतीवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट छापावे. परीक्षक कलाकाराचा शिष्य किंवा गुरुबंधू असेल, आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा असतोच, तर ते लेखाखाली नमूद करावे किंवा परीक्षण दुसऱ्याकडे द्यावे. खासगी बैठकीत गायक सैलपणे जे बोलला, ते त्याला विचारल्याशिवाय छापू नये.