पाणी कुठे मुरलंय ते आधी बघा

मिशिगनला आल्यापासून कुणी जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनची ताकदवान अमेरिकन गाडी, बघायला चल म्हटलं की मी एका पायावर तयार असतो. मागच्या ऑक्टोबरात एका मित्राबरोबर गेलो, गाडी 1969 ची डॉज चार्जर, एका शेतावरच्या लाकडी बार्नमध्ये तीसेक वर्षं उभी. मालक आजोबा सारखं एकच सांगत होते, गाडी पावसात एकदाही भिजलेली नाही. ते खरंच बोलत होते, पण पाणी काय फक्त वरूनच येतं?

बार्नची जमीन मातीची, म्हणजे खालून ओल कायमची. त्यात हिवाळाभर गार पडलेला दीड टनाच्या वरचा पत्रा आणि एप्रिलमध्ये एकदम आलेली उबदार दमट हवा, मग फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच अख्ख्या गाडीला सुटतं, आतून, खालून, जिथे हात पोचत नाही तिथे पण. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायचा वेग झपाट्याने वाढतो, आणि पत्र्यावर मीठ असेल तर त्याच्या आधीच, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातलं क्लोराइड गंजाला वाट करून देतं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठच टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे आणि ही गाडी जिथे बनली ते हॅमट्रॅमक त्याच शहराच्या पोटात आहे, मला हे फार विलक्षण वाटतं. मी रत्नागिरीचा, खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे पापुद्रे सुटून फुगतात ते लहानपणापासून बघितलंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून तो फुगतो, आणि म्हणूनच पेंटवर बारीक फोड दिसले तर समजायचं की आतून काम बरंच पुढे गेलंय.

चार्जरमध्ये पाणी मुरायची ठरलेली जागा म्हणजे मागची काच. ती दोन्ही बाजूंच्या खांबांच्या मध्ये आत बसवलेली असते, दिसते भारी, पण तिच्या खालच्या कडेला पाणी साचतं आणि तिथून सरळ डिकीत उतरतं. आम्ही डिकीतलं कार्पेट उचललं तर खाली दुपारचं ऊन दिसलं. मित्राचा चेहरा पडला, पण डिकीचा फ्लोअर नवीन मिळतो, वेल्ड करता येतो. खरी भीती पुढच्या सीटखाली. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार म्हणजे पीळ घेणारे दोन लांब रॉड आहेत, ते ज्या क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळईला, अडकतात तो सडला असेल तर इंजिन कितीही चांगलं असो, मी तरी हात जोडून घरी येईन. तिथे आडवं झोपून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, सगळीकडे टणटण आवाज, एकदाही भद्द नाही.

गंजलेली जागा लपवायला भरलेली पुट्टी शोधायला लोहचुंबक नेला होता, तोही एकदम ताकदवान नको, फ्रिजवरचा साधाच. पेंट एक मिलिमीटरच्या लहानशा भागाइतका जाड असतो, पण पुट्टीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर मध्ये आला की चुंबक आणि पत्रा लांब होतात आणि ओढ एकदम कमी होते. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर तो सरळ खाली पडला.

मग आजोबा म्हणाले बॅटरी लावून स्टार्टर मारून बघू का. अजिबात नाही! चार स्ट्रोकचं व्ही-8 इंजिन कुठेही थांबलं तरी आठपैकी काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहतातच, तिथून कार्बोरेटर किंवा एक्झॉस्टमार्गे दमट हवा वर्षानुवर्षं आत जाते. म्हणजे एक सिलिंडर आरशासारखा आणि शेजारचा गंजलेला, एकाच इंजिनात. जोर लावला तर रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला चरे पडतात. स्पार्क प्लग काढून फोनला जोडायचा बारीक कॅमेरा आत घातला, सात सिलिंडर ठीक, फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या सगळ्यात मागच्यात तांबूस रिंगण, पिस्टन जिथे थांबला होता बरोब्बर तिथे.

पेट्रोल आणि ब्रेकचं फार बघत बसलो नाही, ते सगळं बदलायचंच असतं. जुनं पेट्रोल हवेशी मिळून डिंकासारखं चिकट होतं आणि वॉर्निशचा वास मारतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजवतं. एसीच्या डब्यात उंदरांचं घर होतं, ते मात्र झाडूने झाडू नका, इथल्या हरिण-उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटा व्हायरस होऊ शकतो, मास्क-ग्लोव्हज घालून आधी जंतुनाशकाने ओलं करायचं.

शेवटी डॅशवरची पट्टी, काचेतून दिसते ती, कारखान्याने गाडीला दिलेला नंबर असलेली. एक्सएस29एल9बी. एस म्हणजे आर/टी हे चार्जरचं जोरदार मॉडेल, एल म्हणजे 440 क्यूबिक इंचाचं, 7.2 लिटरचं 375 हॉर्सपॉवरचं मॅग्नम, 9 म्हणजे 1969, बी म्हणजे हॅमट्रॅमक. इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर याच्याशी जुळला, म्हणजे इंजिन मूळचंच, तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो.

डिकी, कमान आणि तो एक सिलिंडर धरून मित्राने भाव कमी करून मागितला, आजोबांनी एक रात्र विचार करून दिला. आता अडकलेला पिस्टन सुटावा म्हणून मित्र दर शनिवारी प्लगच्या भोकातून ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन घालतो आणि लांब पान्याने क्रँकचा बोल्ट हलकेच दोन्हीकडे दाबून बघतो. परवा मेसेज आला, अर्धा इंच फिरला.