सोमची लढाई: जखम झाल्यानंतरचे तास

१ जुलै १९१६ या एका दिवसाचा ब्रिटिश सैन्याचा हिशेब असा: १९,२४० मृत, ३५,४९३ जखमी, २,१५२ बेपत्ता, ५८५ कैदी. एकूण ५७,४७०. पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईबद्दल लिहिताना हा आकडा सगळेच देतात. पण पहिल्या रकान्यात जागीच गेलेले आणि जखमांनी नंतर गेलेले असे दोन्ही एकत्र मोजलेले आहेत. त्या दोघांच्या मधे काही तासांचं अंतर आहे, आणि त्या अंतरात शरीरात काय घडतं हे तेव्हाचं वैद्यक नुकतंच कुठे शिकत होतं.

त्या दिवशीचा ब्रिटिशांचा हल्ला का फसला ते थोडक्यात. आधी आठवडाभर तोफा चालल्या, सुमारे १५ लाख गोळे टाकले गेले. तरी बऱ्याच ठिकाणी काटेरी तारा तुटल्या नाहीत आणि खडूच्या दगडात खोल खणलेल्या तळघरांत जर्मन सैनिक सुखरूप राहिले. तोफांचा मारा पुढे सरकला तसे ते मशीनगन घेऊन वर आले.

बंदुकीची गोळी वेगाने जाते आणि पुष्कळदा आरपार निघते. तोफगोळ्याचा तुकडा वेडावाकडा असतो. तो स्नायू फाडतो आणि वाटेत जे मिळेल ते आत नेतो: लोकरी गणवेशाच्या चिंध्या, माती, चामडं. या युद्धातल्या बहुसंख्य जखमा तोफगोळ्यांच्याच होत्या. ब्रिटिश डॉक्टरांच्या मनात मात्र दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध होतं. तिथल्या कोरड्या माळावर गोळीच्या जखमा बांधून ठेवल्या तरी बऱ्या होत. फ्रान्समधली जमीन पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली होती. जनावरांच्या आतड्यांत राहणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचे बीजाणू (तग धरून राहणारी त्यांची सुप्त रूपं) त्या मातीत ठासून भरलेले. लोक सोम म्हटलं की चिखल डोळ्यांपुढे आणतात. १ जुलैला तिथे लख्ख ऊन होतं, चिखल नंतरच्या महिन्यांतला. पण माती वाळली म्हणून बीजाणू मरत नाहीत.

या जंतूंना प्राणवायू चालत नाही. फाटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की तिथला प्राणवायू संपतो, आणि त्यांना हवी तशी जागा तयार होते. अनुकूल परिस्थितीत त्यांची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. त्यांचं विष शेजारच्या जिवंत पेशींची आवरणं फोडतं, म्हणजे मेलेला भाग वाढतो, म्हणजे जंतूंना आणखी जागा. सोबत वायू तयार होतो. त्वचेवर बोट दाबलं की आत कुरकुर जाणवते. हा गॅस गँगरीन. सकाळी धडधाकट दिसणारा जखमी दुसऱ्या दिवशी हाताबाहेर जाऊ शकत असे.

मग जंतुनाशक ओता, असं कोणीही म्हणेल. डॉक्टरांनी तेच केलं, आणि फारसा उपयोग झाला नाही. का, ते फ्रान्समधल्या बुलोनच्या लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी फार सुंदर दाखवलं. (पेनिसिलिनवाले तेच, पण तो शोध १९२८चा.) त्यांनी काचेची नळी तापवून तिला पोकळ काटे ओढले: खाचाखोचांनी भरलेल्या जखमेची प्रतिकृती. तीत जंतू असलेला द्रव भरला, मग तो काढून जंतुनाशक भरलं, मग तेही काढून जंतुविरहित द्रव भरला. थोड्या वेळात नळी पुन्हा जंतूंनी गढूळ. जंतुनाशक काट्यांच्या टोकांपर्यंत पोहोचतच नव्हतं. वर, जखमेतल्या पांढऱ्या पेशींना मात्र ते मारत होतं. माझ्या मते संपूर्ण युद्धातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा प्रयोग असावा.

खरा उपाय चाकूचा होता. मेलेला स्नायू कापत जायचं, रक्त येईपर्यंत आणि चाकू लागताच स्नायू आकसेपर्यंत. जखम लगेच शिवायची नाही, काही दिवस उघडी ठेवायची. बेल्जियन सर्जन आंत्वान दपाज यांनी ही पद्धत रुळवली. पण तिला टेबल लागतं, भूल लागते, दर जखमीमागे सर्जनचा वेळ लागतो, आणि सगळं पहिल्या काही तासांत व्हावं लागतं.

सोमला नेमकं तेच नव्हतं. दिवसाला साधारण १० हजार जखमी येतील असा नियोजनकर्त्यांचा अंदाज होता. आले त्याच्या साडेतीन पट. रुग्णांना मागे नेणाऱ्या रेल्वेगाड्या मागितल्या त्याहून फारच कमी वेळेवर पोहोचल्या, त्यामुळे पुढची रुग्णालयं तुंबली आणि माणसं बाहेर गवतावर पडून राहिली. ही तरी नशीबवान. दोन्ही खंदकांच्या मधे पडलेल्यांना उचलायला रात्र पडावी लागत होती, काहींना दोन-तीन दिवस लागले.

मांडीचं हाड मोडलेल्यांची गत आणखी वाईट. हाडाची टोकं हलत राहिली तर स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्याने आत रक्तस्राव होतो. पाय ताणून धरणारी साधी लोखंडी चौकट, थॉमस स्प्लिंट, एकोणिसाव्या शतकातच तयार झाली होती. पुढच्या फळीत ती सर्रास पोहोचली १९१७मध्ये, आणि या जखमेचे मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे इथे अडलं होतं ते ज्ञानापाशी नव्हे, पुरवठ्यापाशी.

लढाई १८ नोव्हेंबरपर्यंत चालली. ब्रिटिश, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही सैन्यांचे मिळून हताहत दहा लाखांच्या वर जातात. नक्की किती यावर वाद आहे, कारण किरकोळ जखमींना मोजायची प्रत्येक सैन्याची रीत वेगळी होती. आणि ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता पण जे थरथरत होते, बोलू शकत नव्हते, त्यांना कोणत्या रकान्यात घालायचं याचा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही. अशांसाठी 'शेल शॉक' हा शब्द ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५मध्ये वैद्यकीय नियतकालिकात वापरला होता. लष्कराने पुढे तो निदान म्हणून लिहायलाच मनाई केली.

जखमींना द्यायच्या रक्ताचीही थॉमस स्प्लिंटसारखीच कथा: ज्ञान आधी, पुरवठा नंतर. सोडियम सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही हे १९१४–१५मध्येच कळलं होतं. १९१६मध्ये त्यात ग्लुकोज मिसळून ते बर्फात काही आठवडे टिकवता आलं. ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन सैन्यातल्या डॉक्टरांनी असं साठवलेलं रक्त आघाडीवर नेऊन जखमींना दिलं ते नोव्हेंबर १९१७मध्ये, कांब्रेच्या लढाईत.