नीट झाली, निकाल आला, आता सीट कधी कळणार? फॉर्म भरायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमचं सेंटर नागपुरात मेडिकल चौकापासून जवळच आहे. झेरॉक्सला आलेले लोकं सुद्धा मेडिकलच्या ॲडमिशनचंच विचारून राहिले आणि जूनमध्ये गर्दी अशी असते की प्रत्येकाला सांगता सांगता अर्धं राहून जातं, म्हणून हे एकदाच लिहून काढलं. घरी न्या, आईबाबांना पण वाचू द्या.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आम्ही फॉर्म भरून देतो, सीट देत नाही. सीट मिळते ती नीटची रँक, कॅटेगरी आणि तुम्ही टाकलेला कॉलेजांचा क्रम यावर, बाकी कशावरच नाही. कोणी "वरपर्यंत ओळख आहे, टोकन देऊन ठेवा" म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. अशी माणसं दर वर्षी निकालाच्या आठवड्यातच कशी काय उगवतात बाप्पा, देव जाणे.

फॉर्म एक नाही, दोन आहेत, आणि इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के सीट दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते आणि आपल्या राज्याच्या ८५ टक्के मुंबईची सीईटी सेल. म्हणजे आपली नागपूरची दोन सरकारी कॉलेजं मेडिकल आणि मेयो, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ हे दोन्हीकडून मिळू शकतं. पण मिहानमधलं एम्स घरापासून कितीही जवळ असलं तरी राज्याच्या फॉर्ममध्ये दिसणार नाही, त्याच्या सगळ्या सीट एमसीसीकडून, आणि सावंगीचं अभिमत (डीम्ड) कॉलेज पण तिकडूनच. एमसीसीला १५ टक्क्यांसाठी ओपनवाल्यांना १,००० रुपये फी आणि १०,००० डिपॉझिट आहे, एससी, एसटी, ओबीसी वाल्यांना त्याच्या अर्धं, अभिमतसाठी मात्र ५,००० फी आणि २ लाख डिपॉझिट. हे डिपॉझिट परत येतं ते ज्या खात्यातून भरलं त्याच खात्यात, म्हणून आम्हाला "दादा तुमच्या यूपीआयवरून मारून द्या, कॅश देतो" म्हणू नका, घरच्याच कोणाच्या तरी खात्यातून भरा. त्यात आमचा धंदा बुडत नाही, तुमचे पैसे वाचतात.

आता कागदपत्रं. खरं सांगायचं तर मार्क कमी पडून रडणारे पाहिले तितकेच कागद कमी पडून रडणारे पाहिले. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी साधारण दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून पाहिजे आणि डोमिसाईल पाहिजे. कास्ट सर्टिफिकेट असलं की झालं असं समजू नका, व्हॅलिडिटी (जात पडताळणी) वेगळी असते, तिला महिने लागतात, तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकायचा असतो, निकाल लागल्यावर धावून काही होत नाही. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसी वाल्यांना नॉन क्रिमीलेअर पण लागतं आणि त्यावरची तारीख बघा, ते त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालतं, मुदत संपलेलं घेऊन आलात तर ओपनमध्ये जाल. सेतूत जूनमध्ये झुंबड असते, एप्रिलमध्ये काढून मोकळे व्हा. आणि नाव! दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, बापाच्या नावात एक अक्षर कमी, हे आत्ताच तपासा, काऊन की दुरुस्तीला वेळ जातो आणि पोर्टल कोणासाठी थांबत नाही. ड्रॉप घेतलेल्यांनी गॅपचं ॲफिडेव्हिट करून ठेवा. मोबाईलवर फोटो काढून आणलेले तिरके, सावलीवाले कागद अपलोड करू नका, आम्ही नीट स्कॅन करून देतो, तेवढ्यासाठी ओरिजिनल आणा.

"मला ५५० आहेत, मेडिकल लागेल का?" हा प्रश्न दिवसभर येतो. नुसत्या मार्कांवरून कोणीच सांगू शकत नाही. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारे बरेच होते, २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. मग गेल्या वर्षीचे मार्क धरून काय उपयोग? रँक बघा, आणि तुमच्या कॅटेगरीचा त्याच कॉलेजचा शेवटच्या राऊंडचा कटऑफ बघा, पहिल्या राऊंडचा नको.

चॉईस भरताना लोकं फार हुशारी करतात. "हे आपल्याला लागणारच नाही, खाली टाकू." अहो, वर टाकल्याने खालचं जात नाही. सिस्टीम वरून खाली बघत येते, जिथं तुमची रँक बसते तिथं थांबते. म्हणून मनापासून पाहिजे तेच वर, मग त्याच्या खालचं. भंडारा, गडचिरोली, अमरावती, बुलढाणा, वाशीम ही सरकारी कॉलेजं २०२४ मध्येच सुरू झाली, नवी म्हणून लोकं नाक मुरडतात. वॉर्ड, हॉस्टेल, येणंजाणं जाऊन बघा आणि मग ठरवा, पण प्रायव्हेटच्या फीसोबत एकदा तुलना जरूर करा. जिथं जायचंच नाही ते कॉलेज मात्र यादीत टाकूच नका, लागलं तर मग सोडणं पण अवघड आणि घेणं पण अवघड. आणि सरकारी सीटसोबत बॉण्डची सेवा (शिकून झाल्यावर ठराविक काळ सरकारी दवाखान्यात काम) येते हे घरात आधीच बोलून घ्या.

प्रोव्हिजनल मेरिट लिस्टमध्ये नाव आलं म्हणजे सीट लागली असं नाही, पेढे थांबवा. त्यात कॅटेगरी, डोमिसाईल बरोबर लागलंय का ते बघा आणि चूक असेल तर दिलेल्या मुदतीतच हरकत घ्या. राऊंड मग पावसाळाभर चालतात, बीएएमएसचे (आयुर्वेदाचे) तर अजून मागून येतात. सीट लागली आणि तीच पक्की करायची तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म असतो, तो भरला की पुढच्या राऊंडमधून तुम्ही बाहेर, कॉलेजात कोणी सही करा म्हटलं म्हणून घाईत करू नका, वाचा. एमसीसीत पहिल्या राऊंडची सीट सोडली तर नुकसान नाही, दुसऱ्यात सोडली तर डिपॉझिट जातं आणि शेवटच्या स्ट्रे राऊंडची सीट लागून पण कॉलेजला गेलाच नाहीत तर पुढच्या वर्षी पण अडकता. नियम दर वर्षी थोडे हलतात, त्यामुळे त्या वर्षीचं ब्रोशर हाच शेवटचा शब्द, आमचा पण नाही.

तारखा रात्री अकराला येतात आणि सकाळी बदलतात. व्हॉट्सॲपवर आलेला "फायनल शेड्यूल" फॉरवर्ड करण्याआधी सीईटी सेलची साईट उघडून बघा. मुलींच्या फी माफीचं पण विचारतात: जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधूनच (सीईटी सेलच्या राऊंडमधूनच) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही.

येताना नीटचं ॲडमिट कार्ड, स्कोअर कार्ड, ओरिजिनल कागद आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो मोबाईल घेऊन या, तो बाबांसोबत गावाला गेला असेल तर काम अडतं. पासवर्ड स्वतःच टाका, स्वतःच लिहून ठेवा, आमच्या वहीत ठेवायला देऊ नका. फॉर्म सबमिट झाल्यावर प्रिंट घेतल्याशिवाय उठू नका. शेवटच्या दिवशी लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे पण साईट स्लो झाली तर त्याला आमच्याकडे काही इलाज नाही, दोन दिवस आधीच या.